डावरीचा साचा

माती पायाने मळायची. टाचेने. बोटांनी दाबली तर ती नुसती बाजूला सरकते, टाचेने दाबली तर ऐकते. मग गोळा. साच्यापेक्षा जरा मोठाच. तो साच्यात आपटायचा, अंगठ्याने चारही कोपरे भरायचे, वर राहिलेली माती तारेने कापायची. साचा पालथा घालायचा. उचलायचा.

एवढंच. यात म्हातारीचा जन्म गेला.

मुलगा तिच्या गुडघ्याएवढा होता तेव्हापासून ती त्याला सांगत आली होती, कोपरा भर. आता तो इतका उंच झाला होता की वीटभट्टीवर सगळे त्याला लांब्याच म्हणत, आणि वाकून वाकून त्याची पाठ वरून पुढे आली होती, एकाच बाजूचा वारा खाल्लेल्या झाडासारखी. तरी येता-जाता म्हातारी त्याच्या ओळीकडे नजर टाके आणि एकच शब्द बोले. कोपरा. तो अंगठा दाबे.

त्याची बायको डावखुरी होती. तिला डावरी म्हणत. भट्टीवर हा शब्द शिवीसारखा वापरत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला शिवी दिली तरी ती वळून बघे.

*

त्या हंगामात सुरुवातीलाच, नको तेव्हा पाऊस आला. मोठा नव्हता. मोठा असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. उन्हात वाळत टाकलेल्या कच्च्या विटांवर अर्धी दुपार नुसता भुरभुरत राहिला आणि थांबला. विटा जागच्या जागीच होत्या, फक्त त्यांना कडा राहिल्या नव्हत्या. पाण्यात विसरलेल्या साबणासारख्या दिसत होत्या.

कच्ची वीट भट्टीत चढेपर्यंत पाडणाऱ्याची. ती भिजली, फुटली, तिच्यावरून कुत्रं गेलं, तरी पाडणाऱ्याचीच. तेव्हा सगळ्या पटांगणभर घरं-घरं वाकली, आपापल्या विटा उचलून पुन्हा ढिगावर टाकू लागली आणि तीच माती पुन्हा टाचेखाली घेतली. शेजारच्या ओळीवरची घोगरी म्हणाली की देवालासुद्धा आमचा कोपरा पसंत पडला नाही. घोगरीचा आवाज भट्टीच्या धुराने गेला होता, पण जीभ शाबूत होती. दोघी-तिघी हसल्या.

लांब्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. उद्यापासून अजून लवकर उठायचं.

*

घर म्हणजे बिनचुन्याच्या विटांच्या चार भिंती, वर पत्रा, पत्र्यावर दगड. लांब्याला आत उभं राहता येत नसे. बाहेर विटांवर वाकायचं, आत पत्र्याखाली वाकायचं. दाराच्या जागी पोतं. हंगाम सरला की भिंती मोडायच्या, विटा मालकाला परत द्यायच्या, पत्रा उतरवायचा आणि पुढच्या ठिकाणी जायचं. मागच्या खेपेला टेम्पोत सामानावर म्हातारीला बसवलं होतं. उतरताना तिचे गुडघे उघडेनात. लांब्याने तिला उचलून खाली ठेवली. तेव्हा ती म्हणाली होती, पुढच्या वेळी मला सामानात धरू नका.

म्हणून त्या खोलीची गोष्ट त्यांच्या घरात जेवताना निघे.

खोली मुकादमाची. भट्टीच्या कडेला, पक्क्या विटांची, सिमेंटची, बारमाही. तिला लाकडी दार होतं आणि दाराला आतून कडी. जुना मुकादम आता खोकत खोकत लेकीकडे जाणार होता. पाऊस उघडल्यावर मालकाने सगळ्यांना पटांगणात उभं केलं आणि सांगितलं की माल मागे पडलाय, गिऱ्हाईक थांबत नाही आणि नवा मुकादम मी तुमच्यातलाच करणार आहे.

“अंगमेहनत काय, बैलही करतो,” तो म्हणाला. “मला डोकं चालवणारा माणूस पाहिजे. ज्याच्या विटा जास्त, त्याची खोली.”

डोकं पाहिजे म्हणाला आणि विटा मोजणार म्हणाला. यातली गोम त्या वेळी कुणाच्या ध्यानात आली नाही.

*

लांब्या पेटला. उजाडायच्या आधी ढिगावर, दिवेलागणीला ढिगावर. माती मळून मळून त्याच्या टाचांना भेगा पडल्या, भेगांत माती गेली, ती वाळली की टाच फाके. काही दिवसांनी त्याची बोटं गोळा धरल्यासारखी वळलेलीच राहू लागली. संध्याकाळी चहाचा पेला धरता येईना. डावरी त्याचे हात कोमट पाण्यात घालून एकेक बोट सरळ करे आणि तो भिंतीकडे बघत बसे.

अशीच बोटं सरळ करताना ती म्हणाली की तुमचा दिवस विटांत जातच नाही, चालण्यात जातो. गोळा घेतला की ओळीपर्यंत जायचं, एक वीट टाकायची, परत यायचं. एका विटेला दोन वेळा चाल.

“मग काय उडू?”

ती म्हणाली की साचा दोनाचा करू.

“आणि भरल्यावर उचलणार कोण? तुझा बाप?”

“त्यांनी जन्मात काही उचललं नाही,” डावरी म्हणाली. “मीच उचलीन.”

म्हातारी गालातल्या गालात हसली.

*

सुतार रस्त्याच्या कडेला बसे. डावरी एकटीच गेली. त्याने विचारलं, माप? तिने हवेत हात धरून दाखवलं. पहिला साचा इतका जड झाला की भरल्यावर जमिनीला चिकटून राहिला. दुसऱ्यातून वीट निघे, पण दोन विटांची एक होऊन निघे. तिसऱ्या वेळी तिने सुताराला पटांगणातच आणलं, त्याच्यासमोर साचा उचलून दाखवला आणि सांगितलं, मूठ इथे पाहिजे, डाव्या हाताला, लांब, म्हणजे मनगटाला तरफ मिळेल. उजव्या हाताने नुसतं ढकलायचं. आणि पलीकडची कड तासून पातळ करा, म्हणजे पालथा घालताना माती सुटेल.

सुतार म्हणाला की बाई, सगळा जन्म मी उजव्या हातांसाठी रंधा मारला, तुझं काम आरशात बघून करावं लागतंय.

पण केलं. आणि साचा बसला. तिच्या हाताला बसला, पायात जुनी चप्पल बसते तसा. गोळा, गोळा, अंगठा, तार, पालथा. दोन. लांब्याने एकदा उचलून पाहिला, त्याच्या उजव्या हातात तो उलटा आला. फिरवून धरला तर तासलेली कड पोटाकडे आली आणि दोन्ही विटा फाटल्या. तो म्हणाला, बायकी काम आहे. मग ती पाडू लागली आणि तो माती देऊ लागला.

*

पहिल्या दिवशी सूर्य डोक्यावर आला आणि रोजचं काम संपलं.

डावरीने हात धुतले. विटांच्या चळतीच्या सावलीत जाऊन बसली. म्हातारी तिच्याजवळ येऊन बसली. दोघींना काय करावं कळेना. दिवसाउजेडी दोघी अशा रिकाम्या हातांनी शेजारी शेजारी कधी बसल्याच नव्हत्या. डावरीच्या मनगटातून कोपरापर्यंत एक कळ जात होती, पण दुपार समोर पडली होती, अख्खी, कुणाची नसलेली. डावरीने पाय लांब केले.

म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, “सूनबाई, ही दुपार झाकून ठेव. पाडायच्या तेवढ्याच पाड. थोडं ढिगाशी घुटमळ, थोडं मुंग्या बघ. कुणाला दाखवू नकोस.”

डावरीलाही तेवढंच हवं होतं.

तेवढ्यात लांब्या आला. त्याने संपलेल्या ओळी पाहिल्या, सूर्याकडे पाहिलं, सावलीत बसलेल्या दोघींकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळला की डावरीला क्षणभर बरं वाटलं.

“बसलात काय?” तो म्हणाला. “अजून अर्धा दिवस आहे.”

*

त्यांच्या ओळी पटांगणाच्या टोकापर्यंत गेल्या.

लोक बोलणारच. एकाने विचारलं की लांब्या, विटा पाडतोस की विटांना पोरं होतात? एक जण म्हणाला की बायकोच्या जिवावर राजा. तोंडावर बोलत तोवर ठीक होतं. नंतर नळावर डावरी आली की बोलणं थांबू लागलं.

घोगरी मात्र अजून बोलत होती. दोघींचं एक जुनं देणंघेणं होतं. भट्टीवर एक रीत असे: घरातलं पाडणारं माणूस पडलं, आजारी असो, बाळंत असो, की प्रत्येक घराने आपलं काम संपवून त्याच्या जागेत एक ओळ घालायची. कुणी सांगत नसे, कुणी आभार मानत नसे. घोगरी बाळंत झाली तेव्हा डावरीने तिच्या ओळी घातल्या होत्या, आणि डाव्या हाताने घातलेली ओळ जराशी तिरपी जाते म्हणून घोगरीला अंथरुणातूनच कळलं होतं की ही कुणाची. अजूनही ती म्हणे, माझ्या पोरीचं नशीब तिरपं गेलं तर तुला धरीन.

*

मालक मोटरसायकलवरून आला. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्याच्यासाठी फळ्या टाकलेल्या असत, तो फळीवर उभा राहिला. ओळी पाहिल्या. हे कुणाचं, म्हणून विचारलं.

लांब्या धावत गेला. धावताना त्याने हात पुसले, मग पुसलेल्या हातांनीच साचा उचलून आणला. दाखवू लागला. दोनाचा आहे. चाल वाचते. मालकांनी डोकं लावायला सांगितलं, मी डोकं लावलं.

डावरी ओळीत होती. तो ‘मी’ म्हणाला ते तिने ऐकलं. त्याचं तिला एवढं काही वाटलं नाही, खोली एकाच्याच नावावर मिळायची असते.

मालकाने साचा हातात घेऊन तोलला. “बाईला जड जात नाही?”

“छे,” लांब्या म्हणाला. “जोर लागतच नाही, मालक. बसल्या बसल्या होतं. खेळणं आहे.”

डावरीचा डावा दंड थरथरत होता. सकाळपासून थरथरत होता. तिने तो पाठीमागे नेला आणि उजव्या हाताने धरून ठेवला.

मालकाने साचा उलटा केला, सुलटा केला. मग हसत म्हणाला, “मग मी एवढा भाव कशाचा देतोय?”

*

आणि लांब्याही हसला. मालकाचं हसू संपायच्या आधी.

*

घरी तिने एवढंच विचारलं, अहो, जोर लागत नाही असं का म्हणालात?

तो पत्र्याखाली वाकून बसला होता. त्याला खरंच नवल वाटलं. “काम अवघड आहे म्हटलं असतं तर त्यात हुशारी कसली राहिली असती?”

म्हातारीने पोतं सारून बाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं.

*

खोली मिळाली.

म्हातारी पहिल्यांदा आत गेली, दार लावलं, कडी घातली. मग काढली. मग पुन्हा घातली. बाहेर डावरी अंथरुणं घेऊन उभी होती, तिला आतून कडीचा आवाज येत राहिला. खोलीत लांब्याला सरळ उभं राहता आलं, पण तो वाकूनच वावरला, डोक्यावर पत्रा असल्यासारखा. त्याला बूट मिळाले. आता कच्च्या विटांच्या ओळींतून फिरायचं, लोकांना कामाला लावायचं, खराब वीट काढायची. खराब विटेवर मुकादम टाच दाबतो, म्हणजे ती पुन्हा चोरून ओळीत घालता येत नाही. जुना मुकादम खोकत यायचा, कोपरा ढिला दिसला तर नजर दुसरीकडे करायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत एखादी टाच मारून आपण आहोत हे दाखवायचा.

लांब्याने नखांतली माती काडीने काढली. कितीतरी दिवस काढत होता. माती जाईना, ती नखाच्या खाली नसून नखातच मुरली होती.

*

मग हातगाडीवरून साचे आले. प्रत्येक घराला एक. सगळे दोनाचे. आणि त्याबरोबर निरोप आला: दोनाच्या साच्याने काम हलकं झालंय, तेव्हा हजार विटांमागचा भाव उतरवलाय. निरोप सांगितला नव्या मुकादमाने.

मालकाने सुताराला सांगितलं होतं, अगदी असेच कर. सुतार सांगकाम्या नव्हता, पण मालकाला प्रश्न विचारणाऱ्यांतलाही नव्हता. त्याने अगदी तसेच केले. मूठ डावीकडे. तासलेली कड पलीकडे.

पटांगणातली एक बाई सोडून सगळ्या उजव्या हाताच्या होत्या.

पहिल्या दिवशी हसणं झालं. विटा तिरप्या पडल्या, फाटल्या, एकीचा साचा हातातून सुटून नवऱ्याच्या पायावर आला तेव्हा ती म्हणाली की चला, कशाला तरी उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. जुन्या भावात जेवढं मिळे तेवढं मिळवायला आता जास्त पाडाव्या लागत होत्या, आणि त्या चुकीच्या हाताने. एका विटेचा जुना साचा काढला की मुकादम येऊन उभा राही. मालकांनी दोनाचाच सांगितलाय.

आठवडाभरात बायकांच्या डाव्या मनगटांवर फडकी दिसू लागली. ओली फडकी, तेलाची फडकी, पोरांच्या झबल्यांच्या चिंध्या.

डावरीने नवऱ्याला सांगितलं. एकदा नाही. सुताराला सांगा, मूठ तेवढी उजवीकडे घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मालकांना माहीत नाही, म्हणून झालंय. सांगितलं तर करतील.

त्याला ते कळत होतं. साच्याशी तो स्वतः झगडला होता. पण मालकाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही सगळे साचे उलटे करून घेतलेत? की मी दाखवला तो साचा कुणाच्याच हाताचा नव्हता? मग मालक विचारणार की डोकं तू लावलंस ना, तुला कळलं नाही? त्याने सवय होईल म्हणून सांगितलं. सवयीने सगळं होतं. मग बूट काढून ते दाराजवळ नीट जोडीने ठेवले.

*

(भट्टीवर त्या दिवसांत ऐकू येणारं:

डावरीची मूठ. डावरीचा भाव. डावऱ्या दिवसाचं काय विचारता.

पोरं एकमेकांना डावऱ्या म्हणून दगड मारत.

नळावर ती गेली की हंडे उचलले जात, भरलेले नसले तरी.)

*

डावरीचं मनगट सगळ्यात शेवटी गेलं. साचा तिच्या हाताचा होता म्हणून ती टिकली, पण भाव तिलाही उतरलेलाच होता आणि आता माती द्यायला नवरा नव्हता. माती ती मळे, गोळे ती करी, पाडी ती. मुकादमाचा पगार महिनाअखेरीला येणार होता. तोवर आणि बहुधा त्यानंतरही, चूल तिच्या विटांवर होती. एका सकाळी साचा भरला, मूठ धरली आणि हात उठलाच नाही. साचा जागेवर राहिला. तिने हाताकडे पाहिलं. मनगट घोट्याएवढं झालं होतं.

दिवसभर ती जागेवर बसून राहिली. कुणी ओळ घालायला आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती उठून घोगरीकडे गेली. मनगट पोटाशी धरून तिच्या ओळीशी उभी राहिली.

घोगरी पाडत होती, थांबली. आपलं डावं मनगट पुढे केलं. त्यावर तिच्या पोरीचं झबलं बांधलेलं होतं, जिचं नशीब तिरपं जाईल म्हणे त्याच पोरीचं.

“घातली असती गं,” ती म्हणाली. “पण आता इथे प्रत्येकीलाच ओळ हवी आहे. घालणार कोण?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर डावरीला परत येताना चालायला सोपं गेलं असतं.

*

लांब्या ओळीतून येत होता. तिने त्याला अडवलं. म्हणाली, एक ओळ घाला. जुन्या साच्याने, तुमच्या उजव्या हाताने. एकच. आजच्यापुरती.

त्याने बुटांकडे पाहिलं. मग भट्टीकडे पाहिलं. तिथे मालक उभा होता, भट्टी लावणाऱ्यांशी बोलत.

“मुकादम मातीत हात घालत नाही,” तो म्हणाला, आणि आवाज खाली आणून, जणू तिच्या भल्यासाठीच, “आज तुझी घातली तर उद्या सगळ्या हाका मारतील.”

ती बाजूला झाली.

हे म्हातारीने खोलीच्या दारातून पाहिलं. ऐकू आलं नसेल, पण बाजूला होणं दिसलं. ती आत गेली. कोपऱ्यातून एका विटेचा जुना साचा काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि दार उघडंच टाकून पटांगणात आली. चालताना ती एका हाताने गुडघा धरत होती. ढिगाशी पोचायला तिला खूप वेळ लागला, आणि त्या वेळात जवळच्या सगळ्या ओळींवरचे हात थांबले.

म्हातारी बसली. कुणी तिला बसवलं नाही.

गोळा. आपटला. अंगठा लावला. अंगठ्याचं पेर वाकडं झालं होतं, ते माती दाबत नव्हतं, मातीवरून फिरत होतं. तार ओढली. साचा पालथा घातला, उचलला. वीट. तिने तिच्याकडे पाहिलं आणि दुसरा गोळा घेतला. डावरी उजव्या हाताने गोळे करून देत राहिली. ऊन वर आलं. दोघींच्या सावल्या त्यांच्याखाली गेल्या. एक ओळ पुरी झाली. सरळ होती. तिचे कोपरे मात्र सगळे गोल, बाळाच्या गालांसारखे.

*

मालक ओळी बघायला निघाला आणि मुकादम त्याच्यापुढे निघाला.

मालक म्हणत होता की गिऱ्हाइकाची तक्रार आहे, कोपरे झडतायत, दोनाच्या साच्यात लोक हात राखून काम करतायत, जरा कडक हो. लांब्या हो हो म्हणत होता. एका घरापाशी त्याने दोन विटांवर टाच मारली. पुढच्या घरी चारांवर. घोगरीच्या ओळीत एकीवर मारली, तिने खाकरून थुंकी टाकली, बाजूला.

मग तो आपल्या घरच्या जागेशी आला.

म्हातारी अजून तिथेच बसलेली होती, उठायचं राहून गेलं होतं. समोर ओळ. त्याने ओळ पाहिली, आणि ती कुणाची हे त्याला कळलं, कारण अशाच सरळ ओळीच्या कडेला तो रांगायला शिकला होता. मागे मालक फळीवर थांबला. पटांगणभर बायका आपापली मनगटं धरून बघत होत्या. त्यांच्या विटांवर टाच पडलेली होती. मुकादमाच्या घरच्या विटांवर पडते की नाही, एवढंच बघायचं होतं.

त्याने मालकाकडे पाहिलं नाही. आईकडेही नाही. पाय उचलला आणि पहिल्या विटेवर टाच दाबली. ओली वीट आवाज करत नाही. दुसरी. तिसरी. मग तो थांबेचना, ओळीने पुढे पुढे जात राहिला, नेमाने, दर विटेच्या मधोमध, माती मळताना तो जशी टाच देई तशी. ती टाच त्याला हिनेच शिकवली होती.

शेवटच्या विटेवर तो उभा राहिला. पाय तिच्यातच.

मालक म्हणाला, हां, असं पाहिजे. आणि फळीवरून पुढे गेला.

म्हातारीने ओळीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याच्या बुटापर्यंत.

“बरोबर केलंस,” ती म्हणाली. “कोपरा भरला नव्हता.”

डावरी उठली. सुजलेला हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने ती दबलेल्या विटा एकेक उचलून ढिगावर टाकू लागली. माती अजून ओली होती, पुन्हा मळता आली असती. टाकत टाकत ती ओळीच्या टोकाला आली. तिथे बूट होता. ती वाकलेलीच राहिली, वर पाहिलं नाही.

“मुकादम,” ती म्हणाली, “पाय उचला. माती पाहिजे.”